गळाचं पीठ

बुऱ्हाणपुरात जन्म काढायचा आणि बट्टी खायची नाही, हे इथल्या लोकांना पटतच नाही. लग्न असो, जाऊळ असो, भंडारा असो, पंगतीत वरण आणि निखाऱ्यात भाजलेली बट्टी ठरलेली. वाढणारा माझ्यापुढे आला की मी पानावर हात आडवा धरते. मग सुरू होतं. कोणी म्हणतं काकूंना शुगर आहे, कोणी म्हणतं दात गेले. माझी नात तर सगळ्यांसमोर म्हणते, "आजी, फिर से नाटक? एक तर खा ना!" मी हसते आणि भात मागते. शुगर मला नाही, दातही बरेच शाबूत आहेत. खरं कारण आजवर कुणाला सांगितलं नाही. पण मागच्या आठवड्यात जावई गळ टाकायला जाणार म्हणून त्यांनी माशांचा चारा माझ्या फ्रिजमध्ये ठेवला, तोही कणकेच्या डब्याला चिकटून! मी दार उघडलं आणि तो वास आला. फ्रिज दोनदा सोड्यानं पुसला, हात कोपरापर्यंत धुतले, आणि मग ठरवलं की आता लिहूनच टाकावं. पोटात ठेवून ठेवून ते नासलंय.

आमचे अप्पा गणिताचे मास्तर. पाढे, व्यवहारी अपूर्णांक, सगळं तोंडपाठ. बाकी काही म्हणजे काही लक्षात राहत नसे. आणि या माणसाला नाद कशाचा, तर तापीवर गळ टाकून बसायचा. आमच्या घरात मासे कोणी खात नव्हतं हो! अप्पासुद्धा नाही. धरलेला मासा ते घाटावरच सुखलाल भोयाला देऊन टाकायचे, नाहीतर राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुणाच्या तरी दारात नेऊन ठेवायचे. आई म्हणायची, "अहो, खायचं नाही तर त्या मुक्या जिवाला मारता कशाला?" अप्पा म्हणायचे, "मारत नाही गं, धरतो." या उत्तराची मला लहानपणीही किळस यायची. ज्याला भूक आहे त्यानं मारलं तर समजतं. टाइमपास म्हणून एखाद्याच्या ओठातून आकडा ओढायचा, ही कसली मौज?

त्यात हा विसराळूपणा. गांडुळांची पत्र्याची डबी आणि खडूंची डबी, दोन्ही एकाच शबनम झोल्यात. एकदा सातवीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलता बोलता अप्पांनी डबीत बोटं घातली आणि फळ्यावर त्रिकोण काढायला गांडूळच टेकवलं. पोरं बाकांवर चढली. अप्पा घरी येऊन हे हसत हसत सांगत होते आणि त्याच हातानं शेंगदाणे खात होते. मी तेव्हापासून त्यांच्या हातून प्रसादही घेत नसे, आईच्या हातून घ्यायची.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. एका पावसाळ्यात घरात वास सुटला. आधी थोडा, मग असा की घास तोंडाशी नेला की पोट वर यायचं. आई म्हणाली उंदीर मेलाय. मग काय, माळा उतरवला, कपाटं सरकवली, गाद्या झटकल्या, मोरीत फिनाइल ओतलं. शेजारच्या घरी दोन पॉवरलूम होते, दिवसभर खटाखट खटाखट. तो शेजारीसुद्धा माग बंद करून विचारायला आला, "मास्तरीणबाई, कुछ मर गया क्या?" आणि हे सगळं चाललेलं असताना अप्पा ओट्यावर बसून वह्या तपासत होते. पाचव्या दिवशी पाऊस आला म्हणून त्यांनी दारामागचा रेनकोट काढला, झटकला, आणि आतल्या खिशातून एक वीतभर मासा खाली पडला. पडला म्हणजे काय, सांडला. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. अप्पा त्याकडे बघत म्हणाले, "अरेच्चा, हा तर मी सुखलालला दिला होता ना?" आईनं कपाळाला हात लावला. तो रेनकोट तिनं काठीनं उचलून नाल्यात टाकला आणि तीन दिवस अप्पांशी बोलली नाही.

तेव्हापासून अप्पांनी मला धरलं. "इंदे, तू आठवणीला चल." म्हणजे माझं काम आठवण. निघताना दारात उभं राहून मी म्हणायचं, "काठी? दोरा? डबी? पीठ? पाणी? चप्पल?" आणि अप्पांनी एकेका वस्तूला हात लावायचा. राजघाटाच्या पायऱ्यांवर मी नाकाला पदरासारखी ओढणी लावून बसायची. शेवाळाचा वास, ओल्या गोणपाटाचा वास, आणि सगळ्यात वर त्या पिठाचा. ते पीठ एकदा सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सुखलालनं अप्पांना शिकवलं होतं की नुसती कणीक पाण्यात विरघळते, गळावर टिकायला बट्टीचं जाडं पीठच हवं. ते घट्ट मळायचं, माशाला दिसावं म्हणून हळद घालायची, वास पसरावा म्हणून हिंग, आणि चव लागावी म्हणून सुकट. सुकट म्हणजे वाळवलेली बारकी कोळंबी, ती कुटून घालायची. वरून एक काळं पडलेलं केळं कुस्करायचं. अप्पा हे परसात बसून, आईच्या नजरेआड, अगदी मन लावून मळायचे. शाळेच्या वह्यासुद्धा त्यांनी इतक्या मन लावून तपासल्या नसतील.

मला शिवणकाम शिकायचं होतं. तसं मी घरी बघून बघून झंपर बेतायला लागले होते, पण खंडव्याला दोन वर्षांचा रीतसर कोर्स होता आणि त्याचं सर्टिफिकेट मिळालं की शाळेत शिवणबाई म्हणून लागता येत होतं. राहायचं कुठे? तर खंडव्याला अप्पांची मोठी बहीण होती, आमची आत्या. एकटीच, विधवा, स्वतःचं घर. पण सोवळ्याची अशी की नळाचं पाणीसुद्धा दोनदा गाळायची. तिनं पत्र लिहिलं, 'रघू, तुझ्या घरात माशांचा शिरकाव आहे असं ऐकते. मी येऊन बघेन. पोरगी माझ्या चुलीला चालणार असेल तरच ठेवीन.' आणि आत्यानं नाही म्हटलं तर काय, तेही मला माहीत होतं. धूलकोटचं एक स्थळ आईच्या मामांनी आणून ठेवलं होतं. केळीचा मोठा बाग, सासू कडक, आणि मुलगा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी थोर. अप्पा म्हणाले होते, "जिजी हो म्हणाली तर खंडवा. नाहीतर मग धूलकोटवाल्यांना थांबवून ठेवता येणार नाही बेटा." मी सोळा संपून सतराव्यात होते.

आत्या येणार त्या रविवारी आईनं पहाटे उठून सारं घर शेणानं सारवलं. अप्पांची काठी माळ्यावर गेली. आईनं बजावलं होतं की वन्सं जाईपर्यंत नदीचं नाव काढायचं नाही. अप्पा मान हलवत होते. आईला धाक एकच होता, आत्या माझ्याकडून स्वयंपाक करून घेणार. म्हणून तिनं बट्टीचं पीठ हळद-ओवा घालून स्वतःच मळून जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, डब्यात घातलं, वर ओलं फडकं टाकलं आणि परसात माठाच्या सावलीत ठेवलं. मला हळूच म्हणाली, "पीठ मी मळलंय हे वन्संना सांगू नको. तू फक्त गोळे कर आणि भाज."

त्या डब्यांची जोडी होती. आईच्या लग्नात आलेली, एकाला एक सारखी. दुसरा डबा अप्पांनी गळाच्या पिठासाठी कधीच लाटला होता.

सकाळी आठला मी आत साडीला पिना लावत होते. अप्पांचा आवाज आला, अगदी हळू, परसातून. "इंदे, तासाभरात येतो गं. गाडी अकराची आहे, स्टेशनवर मीच जाईन. सगळं घेतलं ना मी?" म्हणजे काठी माळ्यावरून उतरली होती, आणि आदल्या संध्याकाळी त्यांनी आपलं पीठ मळून, फडकं टाकून तिथंच माठामागे लपवलं होतं, आईच्या पाठीमागे. मला राग आला. आज तरी? आजच्या दिवशी तरी? मी आतूनच ओरडले, "हो हो, घेतलंत!" मी बघितलं नाही. दारात उभी राहिले नाही. काठी, दोरा, डबी, काही म्हटलं नाही. एवढी एकच गोष्ट मला करायची असायची, आणि ती मी त्या दिवशी केली नाही.

अकरा वाजले, अप्पा नाहीत. साडेअकराला टांगा दारात थांबला आणि आत्या स्वतःच उतरली. पांढरं पातळ, हातात पितळी गडू, कमरेला तपकिरीची डबी. हो, सोवळं एवढं, पण दिवसातून वीस वेळा तपकीर ओढायची. नाकाशी चिमूट, मग एक मोठी शिंक, मग पदरानं नाक पुसणं. पदराला कायम तपकिरी डाग. मला त्याचीही शिसारी यायची, पण तेव्हा मी कुणाला शिसारी दाखवण्याच्या जागी नव्हते.

"रघू कुठाय? स्टेशनवर कोणी नाही!"

आई म्हणाली, "शाळेत काम निघालं, वन्सं. हेडमास्तरांनी बोलावलं."

"रविवारी?" आत्यानं एक चिमूट ओढली. "बरं. सुमन, तू इथं माझ्याजवळ बस. स्वयंपाक पोरगी करेल. आत जायचं नाही हं!"

आई बसली. मी परसात गेले, माठाजवळचा डबा उचलला. एकच होता. फडकं काढलं तर हिंगाचा भपकारा आला आणि काहीतरी आंबूस. मला वाटलं उन्हानं चढलं असेल. आज लोक विचारतील, तुला कळलं कसं नाही? अहो, त्या वासात मी वाढले होते. माझं नाक त्याला इतकं सरावलं होतं की तो वास वेगळा असा लागतच नव्हता. शिवाय गोवऱ्या पेटवलेल्या, धूर डोळ्यांत जात होता. पीठ पिवळं होतं, जाडं होतं, घट्ट होतं. बट्टीचं पीठ असंच असतं. मी गोळे वळले आणि निखाऱ्यात सोडले. बट्ट्या अशा फुलल्या, अशा तडकल्या की मी स्वतःवरच खूश झाले. वरण झालं, वांग्याची भाजी झाली, तूप कढलं.

आत्या पाटावर बसली. मी वाढलं. तिनं बट्टी हातात घेतली, फोडली, ताटात चुरली. मी तुपाची वाटी घेऊन तिच्यासमोर वाकले आणि मला ते दिसलं.

चुऱ्यात एक डोळा होता. मोहरीएवढा, काळा, चकचकीत. शेजारी अजून एक, आणि त्यांच्यामध्ये दोन केसांसारख्या मिशा, भाजून तांबूस झालेल्या. नीट न कुटलेली एक अख्खी सुकट आत्याच्या ताटातून माझ्याकडे बघत होती. त्याच क्षणी मला सगळं कळलं, परसातला एकच डबा, आंबूस वास, "सगळं घेतलं ना मी?" सगळं. आत्याला जवळचं दिसत नव्हतं. बोटानं तो डोळा तिनं बाजूला केला आणि म्हणाली, "ओवा अख्खा घातलास होय? चांगलं केलंस. पोटाला बरा." आणि पहिला घास घेतला.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. ताट ओढून घ्यायला डावा हात पुढेही झाला होता.

आत्यानं घास चावला, थांबली, डोळे मिटले. मग म्हणाली, "सुमन, काय खमंग केलीये गं पोरीनं. अशी बट्टी मी जन्मात खाल्ली नाही." आणि माझ्याकडे वळून, "चालेल. माझ्या चुलीला चालेल. सोमवारी सामान घेऊन ये."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मला खूण केली, तूप, तूप वाढ. मी त्या काळ्या डोळ्याकडे बघितलं. आणि वाटी तिरकी केली. तूप ओतलं. आधी एक धार, मग अजून एक, सगळा चुरा तुपात बुडेपर्यंत, तो डोळा दिसेनासा होईपर्यंत. आत्या म्हणत होती, "पुरे गं, किती?" मी ओततच होते.

तेवढ्यात अंगणात सायकल पडल्याचा आवाज झाला. अप्पा आत आले. घामानं निथळत, धापा टाकत, पायात चपला नाहीत, हातात तो दुसरा डबा. घाटावर पीठ गळाला लावलं, मासा काही लागेना, म्हणून त्यांनी ते नाकाशी नेलं होतं. ओव्याचा वास आला. चपला पायरीवर विसरून तसेच पळाले. दारात उभे राहून त्यांनी आत्याच्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली नाही. तशीच बघत राहिले त्यांच्याकडे. त्यांना कळलं की मला कळलंय.

"काय रे रघू, शाळेत अनवाणी गेला होतास?" आत्या म्हणाली. "डबा कसला तो?"

"डबा... मुलांचा. म्हणजे मास्तरांचा. विसरला होता कोणीतरी," अप्पा म्हणाले.

"ठेव तिकडे आणि बस. पोरीच्या हातची बट्टी खा. इंदे, वाढ बापाला."

"जिजी, मला भूक नाही..."

"बस म्हणते ना!"

अप्पा बसले. ज्या माणसानं जन्मात मासा तोंडाला लावला नव्हता, जो म्हणायचा मारत नाही, धरतो, त्याच्या ताटात मी दोन बट्ट्या वाढल्या. दोन. एक वाढली असती तर चाललं असतं, पण मी दोन वाढल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा विनवणीच्या नजरेनं बघितलं, मी वरणाची पळी पुढे केली. अप्पा एकेक घास पाण्याबरोबर गिळत होते. कपाळावरून घाम ताटात पडत होता. आत्या कौतुकानं म्हणाली, "बघ, बोलायलाही उसंत नाही त्याला!" त्या वेळी मला जी मजा वाटली, तिची मला आज माशाच्या अळ्यांपेक्षा जास्त घाण वाटते.

मग आत्यानं स्वतःच्या ताटातला एक घास वळला, तुपानं निथळणारा, आणि माझ्या तोंडासमोर धरला. "घे. एवढे कष्ट केलेस आणि तू उपाशी?" तिच्या बोटांवर तपकिरीचे डाग होते. मी आ केला. दातांखाली काहीतरी कचकन मोडलं. मी गिळलं, हसले, म्हटलं, "छान झालीये ना आत्या?" आणि भांडी न्यायच्या निमित्तानं मोरीत जाऊन नळ सोडला आणि ओकले. इतकं ओकले की शेवटी नुसतं कडू पाणी येत होतं. उरलेल्या बट्ट्या मी राखेत पुरल्या. आईला सांगितलं, संपल्या. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, पण त्या दिवशी तिला काही विचारायचं नव्हतं. अप्पांनी तो विषय माझ्याकडे आयुष्यात काढला नाही. पुढच्या रविवारी मात्र ते परत गळ घेऊन निघाले. "काठी, दोरा, डबी..." असं स्वतःशीच म्हणत, हे आईनं पत्रात लिहिलं. मी सोमवारी खंडव्याला पोचले होते.

त्या सर्टिफिकेटावर मी पुढे तीस-पस्तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं. घर बांधलं, पोरी शिकवल्या. आत्यानं मला लेकीसारखं ठेवलं. एकच त्रास, कोणी पाहुणा आला की ती म्हणायची, "इंदूच्या हातची बट्टी खाऊन बघा." मी करायची. हात नाकापासून लांब धरून, श्वास धरून. पाहुणे वाहवा करायचे आणि आत्या जरा हिरमुसून म्हणायची, "चांगली आहे. पण त्या दिवशीची चव नाही गं. काय घातलं होतंस?" मी म्हणायची, "हिंग, आत्या." मग ती हिंग वाढवायला लावायची. कधी गव्हाला दोष द्यायची, कधी खंडव्याच्या पाण्याला.

शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी रजा काढून तिच्याजवळ गेले. डॉक्टरांनी तपकीर बंद केली होती. इतक्या वर्षांचं चोंदलेलं नाक मोकळं झालं, तर तिला सगळ्याचाच वास यायला लागला. औषधाचा, उशीचा, माझ्या केसांतल्या तेलाचा. एका दुपारी मी तिला मऊ भात भरवत होते. शेजारी नवे भाडेकरू आले होते आणि त्यांच्याकडे तव्यावर काहीतरी भाजत होते. खिडकीतून तो वास आत आला. मी चमचा ताटलीत ठेवला. आत्यानं मान वळवली, खिडकीकडे नाक केलं, आणि तिचा सुरकुतलेला चेहरा कसा उजळला!

"इंदे, हाच गं! हाच तो वास, त्या दिवशीच्या बट्टीचा! जा, विचारून ये त्यांना, काय भाजतायत."

मी उठले. जिन्यापर्यंत गेले. शेजारचं दार उघडंच होतं, तव्यावर सुकट तडतडत होती, ती बाई मला "या ना" म्हणाली. मी मान हलवून जिन्यातूनच परत आले.

"काय होतं?"

"हिंगच, आत्या."

"बघ, मी म्हणत नव्हते?" आत्या म्हणाली आणि समाधानानं डोळे मिटले. तिचा विश्वास बसला. माझ्यावर तिचा नेहमीच बसायचा.